भाड्याचं घर, व्हीलचेअर आणि लिफ्टच्या आधीच्या तीन पायऱ्या

मिरजवाली

नमस्कार मंडळी. इथे वाचक म्हणून जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली. मणक्याला मार लागल्यापासून तो व्हीलचेअर वापरतो. बाकी स्वतःचं सगळं स्वतः करतो, हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायची सोय करून घेतलेली गाडीही चालवतो. कंपनीचं ऑफिस उत्तम आहे. अडलंय ते घराशी.

एजंटला फोनवर विचारलं की "लिफ्ट आहे ना मॅडम, काळजीच नको" म्हणतो. जाऊन बघावं तर लिफ्टपर्यंत पोचायलाच पायऱ्या! शेवटी वारज्यात एक टू बीएचके पसंत पडला. दुसरा मजला, हवेशीर, ऑफिसपासून फार लांब नाही. पण पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना तीन पायऱ्या आहेत. बाथरूमचं दार अरुंद, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरठ्याला ग्रॅनाइटची पट्टी उभी केलीय. कमोडशेजारी दांडी लावू का विचारलं तर मालक म्हणाले, "टाइलला भोक पाडायचं नाही." सोसायटीच्या सेक्रेटरींना रॅम्पचं विचारलं तर उत्तर आलं, "अकरा महिन्यांच्या भाडेकरूसाठी सोसायटीने खर्च का करायचा?"

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मालकांना कसं समजवायचं, करारात काय लिहून घ्यायचं, आणि रॅम्पला सोसायटी सरळ नाही म्हणू शकते का? इथे कोणी हे केलं असेल तर सविस्तर लिहा.

पेठेतला

तळमजल्यावरचंच घर का बघत नाही ताई? लिफ्ट बंद पडली तरी अडायला नको.

मिरजवाली

@पेठेतला, बघितली की. नव्या बिल्डिंगांत तळाला पार्किंग असतं, घरंच नसतात. जुन्यांत असतात, पण त्यांना जोतं असतं, म्हणजे दारातच चार-पाच पायऱ्या.

गिलावा

मी इंटिरियर आणि सिव्हिलची कामं घेतो. जे रोज करतो तेच सांगतो.

आधी पायऱ्या मोजा. टेप लावून एकूण चढ इंचात काढा. रॅम्पचा हिशेब एकास बारा, म्हणजे एक इंच चढाला एक फूट लांबी. पायऱ्या सहा-सहा इंचाच्या असतील तर चढ अठरा इंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला सपाट जागा. खुर्ची पूर्ण गोल फिरायला दीड मीटर लागतो. रुंदी निदान १२०० मिलिमीटर धरा, दोन्ही बाजूंना पकडायला कठडा आणि कडेला चाक घसरू नये म्हणून छोटी पाळ. पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांवर नुसती सिमेंटची घसरगुंडी ओतून ठेवतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून खुर्ची ढकलणाराही पडतो आणि बसलेलाही. तसलं काही करू नका. सरळ जागा नसेल तर मधे लँडिंग देऊन काटकोनात वळवा.

बाथरूम. दाराची चौकट अडीच फुटी असली तरी बिजागरी आणि पल्ल्याची जाडी वजा जाता हातात सत्तावीस इंच उरतात. भावाची खुर्ची किती रुंद आहे ते हँडरिमच्या (चाकाबाहेरची हाताने फिरवायची कडी) बाहेरून बाहेरपर्यंत मोजा. इंच-दीड इंचाने अडत असेल तर ऑफसेट बिजागऱ्या मिळतात, त्यांनी पल्ला चौकटीच्या बाहेर जातो. नाहीतर पल्ला काढून माळ्यावर ठेवा आणि जाड पडदा लावा. घर सोडताना तोच पल्ला परत बसतो, मालकाचं काही बिघडत नाही. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करूनच घ्या. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

ग्रॅनाइटची पट्टी तोडायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी रबरी उतार ठेवता येतो.

आता दांडी. भिंत विटेची आहे की सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) ते ठोकून बघा. सिपोरेक्समध्ये साधा प्लग-स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही, उपटून येतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट), नाहीतर आरपार बोल्ट आणि पलीकडून प्लेट. सक्शनच्या दांड्या ऑनलाइन दिसतील, त्यांच्यावर अंगाचा भार अजिबात टाकू देऊ नका. भोक पाडायला मालक राजीच नसतील तर कमोडभोवती जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम मिळते. पण ती दुसरी निवड.

अक्का_७०

गिलावा, प्रिंट काढून ठेवला बाबा तुझा प्रतिसाद. माझे दोन्ही गुडघे बदललेले. खुर्ची नाही, काठी आहे. बाथरूममधली दांडी काय असते ते मला विचारा.

ठाणेकर_सचिव

ताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी आमच्या सोसायटीचं सचिवपद सांभाळतो, तेही फुकट.

पार्किंगमधली अठरा फूट जागा म्हणजे एका गाडीची जागा. ती कुणाची काढायची? ज्याला वाटपात मिळालीय तो माणूस दुसऱ्या दिवशी उपनिबंधकाकडे जातो. खर्च सभेत मंजूर करावा लागतो आणि सभेत लिकेज, रंगकाम, पाण्याचे टँकर यांच्यापुढे काही सरकत नाही. मालकाने स्वतः अर्ज केला तर समिती विचार तरी करते, भाडेकरूचा अर्ज कुठल्या खात्यात टाकायचा? आणि एका इमारतीत असे कितीसे लोक असतात? मन मोठं असून भागत नाही, सभासदांना उत्तर द्यावं लागतं.

मोरपीस

@ठाणेकर_सचिव, "कितीसे लोक" हे वाक्य मला फार लागलं. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद आहे, आणि ती सात-आठ प्रकारांचीच. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले. ते तुमच्या इमारतीत दिसत नसतील तर त्याचं एक कारण त्या तीन पायऱ्याच आहेत. माझा नवरा पोलिओमुळे पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावतो. पायऱ्या आहेत म्हणून आम्ही किती लग्नं, किती बारशी टाळली असतील!

सायकलवाला_सदाशिव

आमच्या बिल्डिंगमध्ये रॅम्प झाला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध ज्या काकांनी केला, त्यांचीच स्कूटर आता रोज त्यावरून लिफ्टच्या दारापर्यंत जाते. :) गॅस सिलिंडरवाला, पाण्याचे जार देणारा, बाबागाड्या, भाजीची ट्रॉली ओढणाऱ्या आज्या, सगळे रॅम्पवरून. पायऱ्यांवर फक्त मांजर बसतं.

काळा_कोट

वकिली करतो, थोडं कायद्याचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे (दिव्यांगांना विनाअडथळा वावरता येण्याचे) नियम पाळलेले नसतील तर आस्थापनेला बांधकामाची परवानगी, पूर्णत्वाचा दाखला किंवा इमारत वापरायची मुभा देता येत नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आहे, त्यांना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, ती केव्हाच उलटली. राहती सोसायटी "सार्वजनिक इमारत" ठरते का यावर वाद घालता येईल. पण "खासगी आस्थापना"च्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे "कायदा आम्हाला लागूच नाही" असं कुठल्याही सोसायटीने म्हणू नये.

दुसरं, ८ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रतुडी प्रकरणातला निकाल. केंद्राच्या नियम १५(१) मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं नुसती शिफारशीसारखी होती. न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष करायला सांगितलं. मूळ याचिका २००५ सालची, एका दृष्टिबाधित व्यक्तीने केलेली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं.

ताई, तुमच्या कामाची गोष्ट ही. इमारत कुठल्या सालची आहे? गेल्या काही वर्षांतली असेल तर मंजूर नकाशा बघा. पुष्कळदा नकाशात रॅम्प असतो, पूर्णत्वाच्या दाखल्यापर्यंत जागेवरही असतो आणि नंतर तिथे पार्किंग निघतं. प्रकल्प महारेरात (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदलेला असेल तर नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकारात अर्ज टाका.

करार. लिव्ह अँड लायसन्स नोंदवताना एक वेगळं कलम घाला: कोणते बदल करणार, खर्च कुणाचा, जाताना कोणते बदल काढून पूर्ववत करायचे आणि कोणते ठेवायचे. तोंडी "चालेल" वर विसंबू नका. व्हॉट्सॲपवरचं "ओके" उपयोगी पडतं, पण नोंदलेल्या कराराची सर त्याला नाही.

सोसायटी अडूनच बसली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कार्यालय पुण्यातच आहे. त्यांना समन्स काढायचे, कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

जर्सीतली

मूळची नाशिकची, आता न्यू जर्सीत. इथल्या कायद्यात भाडेकरूचा विचार स्वतंत्र केलेला आहे म्हणून लिहिते. फेअर हाउसिंग कायद्यात १९८८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अपंग भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने वाजवी बदल करायचे म्हटले तर मालकाला नाही म्हणता येत नाही. जाताना घराच्या आतलं पूर्ववत करून मागू शकतो, पण या कारणासाठी डिपॉझिट वाढवून मागता येत नाही. आणि १३ मार्च १९९१ नंतर राहायला दिलेल्या, चार किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींत बाथरूमच्या भिंती आतून मजबूत ठेवाव्या लागतात, म्हणजे पुढे कधीही दांडी बसवता येते. लिफ्ट असेल तर सगळ्या घरांना हे लागू, नसेल तर तळमजल्याच्या.

इकडेही सगळं गोडगोड नाही. खर्च भाडेकरूच्या खिशातून जातो, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला परवानगीचा काय उपयोग? पण बोलणं "परवानगी द्याल का" इथून सुरू होत नाही, हा फरक मोठा आहे. भिंत बांधतानाच मजबूत करायला बिल्डरला असा किती खर्च येतो, गिलावा?

गिलावा

@जर्सीतली, फार काही नाही हो. कमोडच्या बाजूची ती एक भिंत सिपोरेक्सऐवजी भरीव विटेत किंवा काँक्रीटच्या पट्टीसकट घ्यायची. बांधताना दोन तासांचं काम, नंतर करायचं म्हणजे टाइल फोडण्यापासून सुरुवात.

पांढरी_काठी

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. रॅम्पची चर्चा छान चाललीय, थोडं अवांतर करतो.

फूटपाथवर पिवळ्या उठावाच्या फरश्या असतात. लांब रेघा म्हणजे "या दिशेने चालत राहा", ठिपके म्हणजे "थांब, पुढे वळण, जिना किंवा रस्ता आहे". जपानमध्ये १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या. आपल्याकडे बसवणाऱ्या गवंड्याला हे कुणी सांगतच नाही. उरलेल्या ठिपक्यांच्या फरश्या रेघांच्या मधे बसवून टाकतो आणि मी भर फूटपाथवर थांबून रस्ता शोधत बसतो. माझ्या रोजच्या वाटेवर ही पट्टी सरळ विजेच्या डीपी बॉक्सवर जाऊन संपते.

भाड्याच्या घरात माझी मागणी फार छोटी होती. लिफ्टच्या बटणांवर ब्रेल नव्हतं, मजला बोलणारा आवाज बंद करून ठेवला होता, कारण "दुपारी झोपमोड होते". मी फक्त आवाज कमी करून चालू ठेवा म्हटलं. समितीने ऐकलं. ब्रेलचे स्टिकर मीच चिकटवले. आता लहान मुलं लिफ्टमध्ये शिरली की बटणं चाचपून मला विचारतात, काका, हा चार आहे ना?

सेक्रेटरीसाहेब, सगळंच पैशावर अडतं असं नाही.

जुईची_फुलं

पांढरी_काठी, त्यात फूटपाथवरचे ते स्टीलचे खांबही जोडा. दुचाकी चढू नये म्हणून लावतात, ते ठीक. पण दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढं अंतर तरी ठेवा! दुचाकीवाला शेजारच्या फटीतून जातोच, अडते ती खुर्ची.

नाट्यवेडा

नाट्यगृहांचं कुणी बोललं नाही अजून. बाबांना घेऊन एका प्रयोगाला गेलो होतो. दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह, दारावर निळी पाटी, सगळं रीतसर. दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. मध्यंतर संपत आलं तेव्हा आला, दार उघडलं तर आत झाडू, फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्यांची चळत. बाबा म्हणाले, चल घरी. दुसरा अंक राहिला तो राहिलाच. मी लेखी तक्रार दिली, आता निदान कुलूप नसतं. तुम्हीही जाल तिथे ते दार उघडून बघत जा. गरज नसली तरी बघा. कुणीतरी विचारतंय म्हटलं की झाडू हलतात.

मोरपीस

+१. आणि सरकारी कार्यालयं? २०२३ मध्ये मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं होतं, लिफ्ट नव्हती म्हणून. राज्यभर चर्चा झाली. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, तरी ही स्थिती. उचलून नेणं ही सोय नाही हो. उचलणाऱ्याचा हात कुठे लागेल, पकड सुटेल का, बघणारे काय बोलतील, हे सगळं खुर्चीतल्या माणसाच्या मनात चाललेलं असतं.

मांडवीकाठ

गोंयकार हजर. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, पहिल्यांदा झाला तेव्हा मी स्वयंसेवक होतो. एवढ्या व्हीलचेअर एका रस्त्यावर मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. तीन दिवस तात्पुरते रॅम्प, सांकेतिक भाषेचे दुभाषे, सगळं होतं. तात्पुरतं जमतं तर कायमचं का नाही, हे मी तेव्हापासून आमच्या पंचायतीत विचारतोय.

मालक_पण_माणूस

माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो, म्हणून मालकाच्या बाजूने. "टाइलला भोक नको" मागे भीती एकच असते: वॉटरप्रूफिंग गेलं आणि खालच्यांच्या छताला ओल आली तर भांडण माझ्या गळ्यात. ताई, ही भीती त्यांना स्वतःहून बोलून दाखवा आणि उत्तरही द्या. भोकं जमिनीत नाहीत, भिंतीत आहेत, सिलंट भरणार, काम कोण करणार त्याचं नाव देणार. शक्य असेल तर त्याच टाइलचे चार नग आणून त्यांच्या ताब्यात द्या. मी एकदा कुबड्या वापरणाऱ्या भाडेकरूला दांड्या लावू दिल्या. तो गेल्यावर काढल्या नाहीत. पुढच्या भाडेकरूच्या आईने बघताक्षणी घर पक्कं केलं, दांड्या बघूनच!

मिरजवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. घडलेलं सांगते.

मालकांशी पुन्हा बोलले, या वेळी फोनवर नाही, भावाला घेऊन घरी गेले. म्हणजे ते खाली पार्किंगमध्ये आले, आम्ही वर जाऊ शकत नव्हतो. मालक_पण_माणूस यांनी लिहिलं तसं वॉटरप्रूफिंगचं आपणहून काढलं. दोन दांड्या, बाहेर उघडणारं दार आणि रबरी उतार, एवढं करारात घालायला तयार झाले. भिंत सिपोरेक्सची निघाली. गिलावा, केमिकल अँकरनेच करून घेतेय.

काळा_कोट, इमारत २०१९ ची आहे. महारेरावर नकाशा मिळाला. त्यात पायऱ्यांच्या उजवीकडे रॅम्प स्पष्ट दाखवलाय! आज तिथे एका सभासदाची गाडी उभी असते.

ठाणेकर_सचिव

मग विषय संपला ताई. नकाशातली रॅम्पची जागा सोसायटीला वाटपात देताच येत नाही. सेक्रेटरींना नकाशाची प्रत आणि मालकांच्या सहीचा अर्ज द्या, पोच घ्या. समितीच्या पुढच्या बैठकीत विषय आलाच पाहिजे असं लिहा. खर्चाचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, छोट्या सोसायट्यांना ते जड जातंच. पण इथे सोसायटीला बिल्डरकडे बोट दाखवता येईल, ते त्यांना सुचवा. त्या गाडीवाल्याला दुसरी जागा काय देणार हेही आधी ठरवायला सांगा, नाहीतर सगळी बैठक त्यातच जाईल.

काळा_कोट

सचिवसाहेबांशी सहमत. पहिल्या पत्रात आयुक्तांचा उल्लेख करू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसऱ्या पत्रात करा.

मोरपीस

मी असहमत. पहिल्याच पत्रात कायदा लिहावा. गोड बोलून आमची वर्षं गेली.

मिरजवाली

@मोरपीस, तुमचं पटतंय. पण भावाला तिथे राहायचंय, लिफ्टमध्ये रोज त्याच माणसांसोबत उभं राहायचंय. पहिलं पत्र नकाशा जोडून साधंच देतोय. त्याने स्वतः लिहिलंय, मी एक शब्द बदललेला नाही. पायऱ्याही मोजल्या, एकूण सोळा इंच. नकाशातली जागा तेवढ्या रॅम्पला लँडिंगसकट पुरते. रॅम्प होईपर्यंत तो ऑफिसजवळच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहील, महाग पडतंय पण चालवून घेऊ.

गिलावा

सोळा इंच म्हणजे सोळा फूट. कठडा स्टीलचा आणि गोल पाइपचाच घ्या, फरशी चकचकीत लावू देऊ नका, पावसाळ्यात घसरते. रफ शहाबादी किंवा झाडूने रेघा ओढलेलं काँक्रीट उत्तम. काम सुरू झालं की फोटो टाका, उतार बघून सांगतो.

अक्का_७०

आणि रॅम्पवर दिवा घ्यायला सांग गं. पार्किंगमध्ये त्या कोपऱ्यात नेहमी अंधार असतो.

नाशिककर_नवीन

धागा वाचून खूप धीर आला. आमचीही अशीच शोधाशोध चालू आहे. गंगापूर रोड किंवा इंदिरानगर भागात वॉकरवर चालणाऱ्या वडिलांसाठी, दारात पायरी नसलेलं टू बीएचके भाड्याने कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. एजंटच्या शब्दावर विश्वास नाही, लिफ्टपर्यंतच्या वाटेचा फोटो मिळाला तर फार बरं होईल.